पिल्लू मान टाकतं तेव्हा: बदकाच्या आजारी पिल्लांना घरी भरवताना आणि औषध देताना काय चुकतं

नोव्हेंबर लागला की आमच्या दारात बुटांचे खोके यायला लागतात. आत चिंध्या, चिंध्यांत एक ओलसर पिवळं पिल्लू आणि सोबतचं वाक्य ठरलेलं. ‘मावशी, काल संध्याकाळपर्यंत चांगलं हिंडत होतं, सकाळी मान टाकली. औषध पाजलं तरी काही खात नाही.’ आम्ही नाशिकला मखमलाबादच्या बाजूला राहतो, दहाबारा बदकं पाळलेली आहेत, एवढाच माझा अधिकार. मी डॉक्टर नाही. पण इतकी वर्षं तीच तक्रार ऐकतेय आणि पहिल्या दोन वर्षांत तीच चूक स्वतःही केलीय, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

‘काय पाजलं?’ असं विचारलं की उत्तरं बघा. हळदीचं दूध. ब्रँडीचा थेंब. घरातल्या पोराच्या सर्दीचं सिरप. दुकानातून आणलेलं कोंबड्यांचं पिवळं औषध, अंदाजाने टोपणभर. आणि हे सगळं गारठलेल्या पिल्लाच्या घशात. माझ्याकडे आलेल्या खोक्यांतली निम्मी पिल्लं आजाराने गेली नसती असं मला आजही वाटतं. ती घाईने गेली. आधी ऊब, मग पाणी, मग खाणं, आणि औषध सगळ्यांत शेवटी. हा क्रम उलटा झाला की योग्य औषधही कामाचं उरत नाही.

आधी हात लावून बघा

बदकाच्या अंगाचं तापमान ४१ ते ४२ अंश असतं, आपलं ३७. म्हणजे धडधाकट पिल्लू तळहाताला चक्क कोमट लागायला हवं. पाय आणि चोच गार लागली तर ते पिल्लू गारठलेलं आहे, बाकी निदान नंतर. गारठलेल्या पिल्लाची आतडी जवळजवळ थांबलेली असतात. त्यात भरवलेली पेज पुढे सरकत नाही, तिथेच राहून आंबते. संध्याकाळी भरवलं आणि सकाळी गेलं, यातली बरीचशी गोष्ट इथे असते.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या जागेला ३२-३३ अंश लागतात, मग दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करत जायचं. आता नाशिकची थंडी तुम्हाला मी सांगायला नको. निफाडचा पारा पेपरात छापून येतो तेव्हा आपल्याकडेही पहाटे चहाचा कप हातात धरवत नाही. अशा रात्री पिल्लांच्या खोक्यावर एलईडी दिवा लावून लोक निश्चिंत झोपतात. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही! जुना पिवळा साठ किंवा शंभरचा तारेचा दिवा असायचा, तो तापायचा. आता तो शोधावा लागतो. मिळाला नाही तर पोल्ट्रीचं सामान विकणाऱ्याकडे इन्फ्रारेड दिवा मागा. आणि रात्री वीज गेली तर काय, हे संध्याकाळीच ठरवून ठेवा.

माझा बिनविजेचा उपाय असा. काचेच्या किंवा जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत गरम पाणी, बाटलीला जुन्या टॉवेलचे दोन वेढे, आणि ती खोक्याच्या एकाच बाजूला. पूर्ण खोका तापवायचा नाही. पिल्लाला गरम वाटलं तर सरकायला दुसरी बाजू मोकळी हवी. झाकण अर्धं उघडं. अर्ध्या-पाऊण तासात पाय कोमट लागतात, डोळे उघडतात, कधीकधी ‘पी पी’ असा आवाज सुरू होतो. तोवर तोंडात काहीही नाही, थेंबही नाही. पिल्लू ओलं असेल तर आधी टिपून कोरडं करा. आईवेगळ्या पिल्लाच्या पिसांना आईच्या अंगाचं तेल लागलेलं नसतं, त्यामुळे ते पाण्यात भिजतं आणि भिजलं की गारठतं. ‘बदक आहे, पाण्यात सोडलं’ हे पहिल्या तीनचार आठवड्यांत लागू नाही.

अंड्यातून निघालेलं पिल्लू पोटात शिल्लक राहिलेल्या बलकावर दोन-तीन दिवस काढू शकतं. म्हणून पहिल्या दिवशीचं पिल्लू खात नसेल तर हातघाईवर येऊ नका.

पाणी

ऊब आल्यावर पाणी. चोचीच्या टोकाला कोमट पाण्याचा थेंब लावा. पुष्कळदा पिल्लू स्वतःच चघळल्यासारखं करून गिळतं, आणि तेवढ्याने गाडी रुळावर येते. डोळे खोल गेलेले, तोंडातली लाळ तारेसारखी चिकट, असं असेल तर ओआरएस. इथे एक चूक हटकून होते. मोठी पुडी एक लिटरची असते, आपल्याला लागतं वाटीभर, मग चिमूटभर पावडर अंदाजाने वाटीत. ते खारट होतं, आणि बदकाच्या पिल्लाला जास्तीचं मीठ सोसत नाही. पूर्ण पुडी मोजून एक लिटरमध्येच घाला. मी त्यातलं वाटीभर घेऊन त्यात तेवढंच साधं पाणी आणखी घालते. दुसऱ्या दिवशी उरलेलं झाडाला. दिवसभरात तरतरी आली की साध्या पाण्यावर या.

पाण्याचं भांडं इतकं खोल हवं की नाकपुड्यांसकट चोच बुडेल, पण पिल्लू आत बसू शकणार नाही. उथळ बशी दिली की नाकात खाद्याचा लगदा सुकतो, डोळे चिकटतात, आणि मग ‘डोळ्यांचं औषध कोणतं?’ असा प्रश्न येतो. आधी भांडं बदला. मी पसरट डब्यात मोठे गोटे टाकते, गोट्यांच्या मधून चोच जाते, पिल्लू जात नाही.

सिरिंजने भरवताना

हे सविस्तर लिहिते, कारण माझं पहिलं पिल्लू माझ्याच हातून गेलं. आठ दिवसांचं होतं. मी त्याला उताणं धरलं, चोच उघडली आणि पाच मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या दाबला. त्याने मान झटकली, नाकपुड्यांतून पांढरे बुडबुडे आले. संध्याकाळपर्यंत श्वासाला टिकटिक आवाज यायला लागला, दुसऱ्या सकाळी संपलं. आजार काय होता ते कळलंच नाही, कारण त्याला मी बुडवलं होतं.

पिल्लाची चोच हलकेच उघडून जिभेच्या मुळाशी बघा. मधोमध एक बारीक फट उघडझाप करताना दिसते. ती श्वासनलिका. आपल्यासारखं तिच्यावर झाकण नसतं. जिभेवर मधोमध पिचकारी मारली की पातळ पदार्थ सरळ तिथे जातो. कोंबडीसारखी गळ्याखाली टम्म फुगणारी पिशवीही बदकाला नसते, अन्ननलिकाच मध्ये जरा रुंद होते. त्यामुळे जास्त भरलं की ते वर उसळून येतं आणि पुन्हा त्याच फटीत शिरतं.

म्हणून धरायचं असं. मांडीवर जुना पंचा घ्या, पिल्लू त्यात पोटावर बसलेलं, त्याची पाठ तुमच्या पोटाकडे. पंचा पंखांभोवती सैल गुंडाळा. छाती आवळू नका. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला पडदा, नसतं, छातीचं हाड वरखाली झालं तरच त्याला श्वास घेता येतो. घट्ट धरलं तर ते तुमच्या हातात शांत होतं, आणि आपल्याला वाटतं बिचारं सवयीचं झालं. मान सरळ, नैसर्गिक उंचीवर. मागे वाकवायची नाही. सिरिंज एक मिलीची, सुई काढलेली. टोक चोचीच्या कडेला टेकवा आणि एक थेंब सोडा. थांबा. त्याने चोच चघळली, गिळल्याची हालचाल गळ्यावर दिसली, मग दुसरा थेंब. एक मिलीला पाच मिनिटं लागतात. लागू द्या.

किती द्यायचं ते वजनावर. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा यासाठी सोन्यासारखा. पहिल्या दिवसाचं पिल्लू जातीप्रमाणे ४० ते ५५ ग्रॅम भरतं. ५० ग्रॅमच्या पिल्लाला एका वेळी एक ते दीड मिली, दिवसा दर दोन-तीन तासांनी. पहिले दोन वेळा पाण्यासारखं पातळ, मग हळूहळू दाट. ‘एवढंसंच?’ असं प्रत्येक जण म्हणतो. हो, एवढंसंच.

खाणं काय? पोल्ट्रीचं स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं खाद्य कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, मिक्सरमधून काढा, चहाच्या गाळणीने गाळा. मनगटावर थेंब टाकून बघा, बाळाच्या दुधासारखं कोमट हवं. त्यात उकडलेल्या अंड्याचा थोडा बलक कुस्करून चालतो. थैलीवर औषध मिसळल्याचं लिहिलं असेल तर ते खाद्य नको. औषधाचं प्रमाण ब्रॉयलर कोंबडीच्या खाण्याच्या हिशोबाने ठरवलेलं असतं. दूध नको, पक्ष्याला पचत नाही. पाव आणि फरसाणाचा चुरा तर नकोच. भाताची पेज एखाद्या वेळेला ठीक, पण तिच्यावर तीन दिवस काढले तर पिल्लू पोट भरून अशक्त होतं.

भरवताना नाकातून काही आलं, तोंडात साचलं, तर तिथल्या तिथे थांबा. मान जमिनीकडे करा, त्याला झटकू द्या. ‘अजून थोडंच राहिलंय’ म्हणून पुढे जाऊ नका. अजिबात गिळतच नसेल तर पुढचा मार्ग नळीने भरवण्याचा. ती नळी पिल्लाच्या उजव्या बाजूने अन्ननलिकेत जाते, पण हे वाचून करायचं काम नाही. डॉक्टरांकडून समोर बघून, त्यांच्यासमोर एकदा स्वतः करून मगच.

औषधाचा थेंब आणि गणित

औषध कोणतं ते पशुवैद्यांनी सांगायचं. मी इथे लिहिते ते फक्त चिठ्ठी हातात आल्यावर घरी काय बिघडतं त्याबद्दल.

एक उदाहरण. डॉक्टरांनी दहा टक्क्यांचं तोंडावाटे द्यायचं अँटिबायोटिक लिहिलं आणि तुमच्या शंभर ग्रॅमच्या पिल्लाला १ मिलिग्रॅम सांगितलं. दहा टक्के म्हणजे एका मिलीत १०० मिलिग्रॅम. पिल्लाला हवा त्या मिलीचा शंभरावा भाग. तो कुठल्याच सिरिंजवर मोजता येत नाही, आणि ‘एक थेंब’ म्हणून दिला तर पाचपट डोस जातो. उपाय सोपा आहे. एक मिली औषध, नऊ मिली उकळून गार केलेलं पाणी, नीट हलवून. आता एका मिलीत १० मिलिग्रॅम झाले, आणि पिल्लाला लागणारा डोस झाला ०.१ मिली. तो दिसतो, मोजता येतो. हे मिश्रण रोज ताजं. विरळ करून चालेल ना, हे डॉक्टरांना त्याच वेळी विचारून घ्या, काही औषधांना चालत नाही.

दुसरा घोळ इन्सुलिनच्या सिरिंजचा. बारीक म्हणून मेडिकलमधून तीच आणली जाते. आपल्याकडे लाल टोपीची मिळते तिच्यावर एका मिलीचे ४० भाग असतात, नारिंगी टोपीच्या सिरिंजवर १००. ०.१ मिली म्हणजे पहिलीवर ४ ची रेघ, दुसरीवर १० ची. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १० पर्यंत भरलं तर अडीचपट गेलं. गेल्या हिवाळ्यात एका मुलीने आईच्या साखरेच्या आजाराची सिरिंज वापरून नेमकं हेच केलं, सुदैवाने तेव्हा सिरिंजमध्ये नुसतं जीवनसत्त्वाचं औषध होतं. साधी एक मिलीची सिरिंज मागा, जिच्यावर ०.१, ०.२ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. सुई घरी आणल्या आणल्या काढून टाका.

पाण्यात औषध मिसळून ठेवणं बदकांच्या बाबतीत फसतं. आजारी पिल्लू पाणी पीत नाही आणि निरोगी पिल्लं त्यात पोहायचा प्रयत्न करतात. अर्ध्या तासात भांड्यात औषधापेक्षा चिखल जास्त. एखाददुसरं पिल्लू असेल तर थेंबानेच द्या. दह्यातून, ताकातून अँटिबायोटिक देऊ नका. त्यातल्या कॅल्शियमला काही अँटिबायोटिकं चिकटून बसतात आणि अंगी लागतच नाहीत. दोन दिवसांत बरं दिसलं म्हणून औषध बंद करण्याची आपली माणसांची सवय पिल्लांवरही चालवू नका.

तरतरीत आहे, खातंय, पण उभं राहत नाही

हा वेगळाच प्रकार, आणि नाशिकमध्ये मी सगळ्यांत जास्त पाहिलेला. पाच-दहा दिवसांचं पिल्लू गुडघ्यांवर बसून सरकतं, पायांचे सांधे सुजल्यासारखे, पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले. लोक कॅल्शियम पाजतात. बहुतेक वेळा कमी असतं ते नायसिन, म्हणजे बी ३ जीवनसत्त्व. बदकाच्या पिल्लाला ते कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त लागतं, किलोभर खाद्यात साधारण ५५ मिलिग्रॅम. कोंबडीच्या खाद्यात तेवढं असेलच असं नाही. त्यात घरचा मक्याचा भरडा घातला की आणखी कमी, कारण मक्यातलं नायसिन बांधलेलं असतं, पोटात सुटत नाही. आपल्याकडे येवल्या-मालेगावापर्यंत मका भरपूर, स्वस्त, म्हणून भरडा घालणारे पुष्कळ.

माणसांच्या बी कॉम्प्लेक्सच्या कॅप्सूलच्या वेष्टनावर निकोटिनामाइड (नायसिनचंच एक रूप) १०० मिलिग्रॅम असं लिहिलेलं पाहून घ्या. अशा एका कॅप्सूलची पावडर चार लिटर पाण्यात, रोज ताजं. एवढं पाणी लागत नसेल तर पावडरचे चार भाग करा, एक भाग लिटरभरात. पाणी पिवळं दिसतं, घाबरू नका. किंवा वाटीभर खाद्यात मोठा चमचा ब्रूअर्स यीस्ट, म्हणजे बिअर बनवताना वापरतात ते, वाळवलेलं. पावाचं यीस्ट नाही, ते पोटात फुगतं. दुकानात ‘व्हिटॅमिनचं’ म्हणून देतात त्या बाटलीत बऱ्याचदा ए, डी, ई, बी १२ एवढंच असतं. नायसिनचं नाव लेबलवर शोधा, नसेल तर पायांसाठी ती निरुपयोगी. लवकर दिलं तर दोन-तीन दिवसांत फरक दिसतो. हाड वाकून घट्ट झालं की सरळ होत नाही.

त्याआधी एकदा खोक्याच्या तळाकडे बघा. तिथे वर्तमानपत्र असेल तर पाय घसरून दोन्ही बाजूंना फाकतात, त्याला जीवनसत्त्वाचा काही उपयोग नाही. पेपर काढा, पोतं घाला.

घरातून, रानातून येणारं विष

बदकाचं पिल्लू बुरशीच्या विषाला फार हळवं असतं. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी भुईमुगाच्या बुरशीजन्य पेंडीने मेले, तेव्हा ते विष सापडलं, अफ्लाटॉक्सिन. पेंडीत ते आहे का हे तपासायला नंतर शास्त्रज्ञ बदकाचीच पिल्लं वापरायचे, इतकी ती चटकन बळी पडतात. तेव्हा पावसात दमट झालेला मका, वास मारणारी पेंड, पोत्याच्या तळाचं गोळा झालेलं खाद्य, हे ‘बदकांना घाला’ म्हणून बाजूला काढू नका. कोंबड्यांनाही नको, पण बदकांना मुळीच नको. एकेक करून पिल्लं मलूल होतायत, औषध बदललं तरी फरक नाही, असं असेल तर पहिल्यांदा पोतं बदला.

द्राक्षबागेच्या कडेला पाळत असाल तर फवारणीच्या दिवसांत पिल्लं कोंडा. टाकीजवळच्या डबक्यात औषधाचं पाणी साचतं आणि पिल्लांना डबकं म्हणजे जत्रा. शेततळ्याचं प्लॅस्टिकही असंच. आत उतरलेल्या पिल्लाला गुळगुळीत उतारावरून वर येता येत नाही, थकून, गारठून बुडतं. लोकांना वाटतं रोग आला. एक फळी नाहीतर सुतळीच्या पोत्याची पट्टी काठावरून पाण्यात सोडून ठेवा. उन्हाळ्यात सडक्या पाण्याजवळ, मेलेल्या जनावराच्या अळ्या खाऊन मान लुळी पडली तर ते बॉट्युलिझम, म्हणजे सडक्यातल्या जिवाणूंच्या विषाने येणारा लुळेपणा असू शकतो, तिथे थेंबाथेंबाने भरवण्यात वेळ घालवू नका, दवाखाना गाठा.

जिथे घरगुती उपाय थांबतात

सहा आठवड्यांच्या आतलं पिल्लू एकदम कोसळलं, पाय मारत मान पाठीकडे ताणली आणि तासाभरात गेलं, मागोमाग दुसरं, तिसरं. हा यकृताचा विषाणूचा आजार असू शकतो. त्यावर सिरिंज, ओआरएस, काही चालत नाही. उरलेली पिल्लं लगेच वेगळी करा आणि पशुवैद्यांना फोन करा. एका दिवसात बरीच पिल्लं किंवा मोठी बदकं मेली तर ती उघडी टाकू नका, खाऊ नका, नदीत तर नाहीच. २००६ साली भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक आपल्याच उत्तर महाराष्ट्रात, नवापूरला झाला होता. पाळीव बदकं तो विषाणू लक्षणं न दाखवता वाहू शकतात. नांदूरमध्यमेश्वरच्या पट्ट्यात, जिथे हिवाळ्यात बाहेरचे पाणपक्षी उतरतात, तिथल्या पाळणाऱ्यांनी तर आपली बदकं उघड्या धरणाच्या पाण्यावर सोडूच नयेत. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री नंबर आहे. मेलेलं पिल्लू तपासणीला न्यायचं असेल तर दोन पिशव्यांत बांधून बर्फात ठेवा, फ्रीजरमध्ये गोठवू नका, आणि त्याच दिवशी पोचवा. आजारी पिल्लू हाताळल्यावर साबणाने हात धुवा, आणि लहान मुलांना त्याचा पापा घेऊ देऊ नका. आमच्याकडे हे सांगूनही दर वेळी कोणीतरी घेतंच.

परत कळपात कधी

रोज सकाळी खाण्याआधी वजन करा आणि दारामागच्या कॅलेंडरवर लिहा. माझ्या गेल्या डिसेंबरच्या कॅलेंडरवर एका पिल्लाची ओळ अशी आहे: ४८, ४६, ४६, ४९, ५५. मधल्या दोन दिवशी मी रडकुंडीला आले होते, आता बघून हसू येतं. सलग दोन दिवस वजन वाढलं, स्वतःहून खाद्यावर आलं, की सिरिंज बंद करा, नाहीतर ते आयत्या खाण्याची वाट बघत बसतं. एकदम कळपात सोडलं तर बाकीची टोचतात. आधी दोन दिवस कळपातलं एकच शांत पिल्लू त्याच्या खोक्यात आणून ठेवा. बाहेर घालायचं ते ऊन वर आल्यावर, दहाच्या पुढे, आणि सावली पडायच्या आत पुन्हा घरात.